पुढचं मॉडेल

संगणक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एक पान असतं, जिथे लॅपटॉप तयार नसतो. तो तुमच्या मर्जीची वाट बघत अर्धवट उभा असतो. प्रोसेसर कोणता घालू, रॅम किती देऊ, स्टोरेज केवढं, पडदा चकचकीत की मॅट, कीबोर्डखाली दिवे लावू की अंधारातच ठेवू, वॉरंटी वर्षाची की तीन वर्षांची, असं तो एकामागून एक विचारत जातो. प्रत्येक उत्तरापुढे एक छोटं वर्तुळ आणि कोपऱ्यात किंमत. वर्तुळावर टिचकी मारली की किंमत जागची हलते. पन्नाशीतला आकडा साठीत जातो, साठीतला पंचाहत्तरीत. माणसाला जे वय गाठायला पंधरा वर्षं संसार करावा लागतो, ते हा आकडा एका टिचकीत गाठतो आणि नको म्हटलं की निमूटपणे पुन्हा साठीत येऊन बसतो. वय असं मागे घेता येईल अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. म्हणून रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी त्या पानावर जाऊन बसतो.

जाऊन बसतो म्हणजे विकत घेतो असं नव्हे. तिथला आनंद घडवण्याचा आहे. एखाद्या रात्री मी सडपातळ, सव्वा किलोचा, प्रवासी वृत्तीचा लॅपटॉप घडवतो. दुसऱ्या रात्री मोठ्या पडद्याचा, भारदस्त, घर सोडायला नाखूश असणारा. सकाळी दोघेही दवासारखे उडून गेलेले असतात. त्या पानावर माणसांचीही वर्गवारी केलेली असते: विद्यार्थी, व्यावसायिक, गेमर आणि क्रिएटर. पहिल्या दोन वर्गांतून मी वयाने बाहेर पडलोय आणि तिसऱ्यात शिरण्याइतकी बोटं चपळ उरलेली नाहीत. राहता राहिला क्रिएटर. हा शब्द वाचला की माझी पाठ आपोआप ताठ होते. क्रिएटरला म्हणे ३२ जीबी रॅम लागते. लागतच असणार. वाईच्या घाटांवर मला एक लघुपट करायचाय: पहाटेच्या कृष्णेवरचं धुकं, ढोल्या गणपतीच्या देवळामागची ती पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकारात बांधलेली भिंत, पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका. शिवाय घरातल्या जुन्या फोटोंचं संकलन आहे. शिवाय कादंबरी आहे. तिला ३२ जीबी लागत नाहीत, पण असलेल्या बऱ्या. प्रत्येक टिचकीसरशी यंत्राबरोबर माझ्यातही काहीतरी वाढत जातं. थोडी शिस्त, थोडं तारुण्य, पहाटे उठण्याची सवय. आणि हे सगळं कंपनी काही हजार रुपयांत द्यायला तयार असते.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिला फोनवर माझी यादी वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “मामा, रंगबिंग राहू दे. रॅम सोल्डर केलेली आहे का ते आधी बघ. असेल तर नंतर वाढवता येणार नाही.” पूर्वी लॅपटॉपच्या पोटाशी स्क्रू असत, ते काढून रॅमची जादा पट्टी बसवता येई. आता यंत्रं बारीक होण्याच्या नादात बऱ्याच ठिकाणी त्या चिप्स मदरबोर्डलाच जोडून टाकलेल्या असतात. जन्माच्या वेळी मिळाली तेवढी स्मृती, आयुष्यभर तेवढीच. फोन ठेवला, तरी ते वाक्य काही खोलीतून जाईना. साठीकडे झुकलेल्या माणसाला ‘नंतर वाढवता येणार नाही’ असं इतक्या सहज कुणी सांगू नये. त्यातून ही रॅम स्वभावाने विसराळू. वीज आहे तोवर सगळं तोंडपाठ. वीज गेली की कोण तुम्ही, कुठले तुम्ही. तरी माणसं तिच्यावर एवढा जीव टाकतात, कारण यंत्राची हुशारी, हजरजबाबीपणा, एकाच वेळी दहा गोष्टी सांभाळणं हे सगळं तिच्या जिवावर चालतं. हजरजबाबी आणि विसराळू ही जोडी मी माणसांतही पाहिली आहे. अशी माणसं बैठकीत हवीहवीशी वाटतात, उसने पैसे देताना तेवढी वाटत नाहीत.

कायमचं लक्षात ठेवण्याचं काम एसएसडीकडे असतं. तिचा हिशेब आणखी निराळा. ५१२ जीबीची घेतली तरी विंडोज उघडून बघावं तर तिथे ४७६ च दिसतात. चोरी कुणी केलेली नसते. बनवणारा मोजतो हजाराच्या पटीत, विंडोज मोजते १०२४ च्या पटीत; दोघेही आपापल्या जागी खरे आणि मधले छत्तीस कुणाचेच नाहीत. मी कागद घेऊन स्वतःची गरज काढायला बसलो. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एकच. म्हणजे जागा व्यापण्यात तरी मराठी इंग्रजीच्या तिप्पट भरते. तरीही दोन हजार शब्दांचा एक ललित निबंध, नुसता मजकूर धरला तर, ४० किलोबाइटांच्या आसपास मावतो. या मापाने ५१२ जीबीत एक कोटीहून अधिक निबंध बसतात. रोज एक लिहायचा म्हटलं तरी डिस्क भरायला तीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. तेवढा काळ कुठलाही संपादक थांबणार नाही. आयुष्यभराचं सगळं लेखन त्या इवल्याशा पट्टीच्या एका कोपऱ्यात, शोधायलासुद्धा कठीण जाईल एवढ्या जागेत पडून राहणार, हे स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं. मग टीबीभर जागेच्या वर्तुळावर टिचकी मारली. किंमत वाढली, मनाला बरं वाटलं.

घडवणं पुरे झालं, आता वस्तू हाताळून बघावी म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. पण १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन काही लोकांच्या तोंडातून हललेले नाहीत. ग्रँट रोडला उतरून थोडं चाललं की वायरींची जाळी, चार्जरांचे घोस, दातांत स्क्रू-ड्रायव्हर धरून उघड्या यंत्रात डोकावणारी पोरं, असा तो सगळा मुलूख सुरू होतो. एके काळी हौशी मंडळी रेडिओचे सुटे भाग शोधत इथे दुपारच्या दुपारी घालवत. एका छोट्या दुकानात शिरलो. काउंटरमागचा मुलगा माझ्या भाचीच्या वयाचा. त्याने किमतीचं विचारलं नाही, कंपनीचं विचारलं नाही. म्हणाला, “काका, यूज काय आहे?”

वरवर हा साधा प्रश्न. पण मागे रांग, समोर घाईत असलेला तरुण, आणि मला वाईचं धुकं कुठून सांगायला सुरुवात करावी ते कळेना. शेवटी म्हणालो, “लिहितो. थोडं ई-मेल, थोडं बँकेचं.” तो म्हणाला, “म्हणजे टायपिंगच. मग काका, आय थ्री पण चालेल. रॅम आठ पुरेल, अगदीच वाटलं तर सोळा. बत्तीस ओव्हरकिल होईल.” दुकानदाराने आपण होऊन स्वस्तातली वस्तू सुचवावी आणि गिऱ्हाइकाने त्यावर हिरमुसावं, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात फार घडला नसेल. त्याने माझे निदान वीस-पंचवीस हजार वाचवले होते, आणि मी त्याच्याकडे असा बघत होतो, जणू त्याने माझा लघुपट सेन्सॉरकडून नापास करून आणलाय. माझा पडलेला चेहरा त्याला घासाघिशीचा वाटला असावा. समजुतीच्या सुरात म्हणाला, “थांबायची तयारी असेल तर थांबा. नवी जनरेशन येतेय.”

थांबण्याच्या या सल्ल्याने एके काळी एक आख्खी कंपनी झोपवली होती. १९८१ साली अमेरिकेत ॲडम ऑस्बॉर्न यांनी ऑस्बॉर्न १ नावाचा संगणक बाजारात आणला. सोबत नेता येणारा आणि बाजारात चाललेला पहिला संगणक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. सोबत नेता येणारा म्हणजे वजन अकरा किलोंच्या आसपास, पडदा पाच इंची आणि झाकण लावलं की मूठ धरून उचलायची पेटी. मुळात आत बॅटरी नव्हती, त्यामुळे जिथे न्यावा तिथे आधी भिंतीतला सॉकेट शोधावा लागे. तरी १,७९५ डॉलर मोजून लोकांनी तो अक्षरशः उचलला. मग कंपनीने पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलचा गवगवा ते दुकानात पोचण्याआधीच केला. गिऱ्हाईक म्हणालं, मग थांबू या. विक्रेते म्हणाले, मग मागवू नका. असलेला माल पडून राहिला, यायचा माल वेळेत आला नाही, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. स्पर्धा, किमती अशी इतरही कारणं जाणकार सांगतात. पण व्यापाराच्या शास्त्रात या गोष्टीला नाव पडलं ते ‘ऑस्बॉर्न इफेक्ट’.

या ऑस्बॉर्न यांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला, अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी गेलं होतं. त्यांचे वडील आर्थर ऑस्बॉर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. ज्या महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत हा मुलगा वाढला, त्यांचा सगळा उपदेश एका प्रश्नात मावत असे: मी कोण? माणसं दूरदूरहून त्यांच्यासमोर येऊन बसत आणि त्या एवढ्याशा प्रश्नात आयुष्य घालवत. आणि त्या अंगणातल्या मुलाने मोठेपणी जगाला अशी वस्तू विकली, जी विकत घेताना प्रत्येकाला तोच प्रश्न वेश पालटून भेटतो. यूज काय आहे? यंत्र काय काम करणार एवढंच त्या पोराला हवं असतं. पण त्याचं उत्तर देण्याआधी आपण कोण आहोत ते ठरवावं लागतं, आणि ते मागच्या माणसाचा धक्का लागायच्या आत ठरवावं लागतं. ऑस्बॉर्न शेवटी भारतातच परतले. २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचं निधन झालं.

मला वाटतं, ऑस्बॉर्न इफेक्ट कंपन्यांपेक्षा माणसांना जास्त होतो. आपण आपल्याच पुढच्या मॉडेलची घोषणा फार लवकर करून टाकतो. निवृत्तीनंतरचा मी, गुडघा बरा झाल्यावरचा मी, पहाटे उठून कृष्णाकाठी कॅमेरा लावणारा मी. त्याची वैशिष्ट्यं इतकी लोभसवाणी असतात की आज हजर असलेल्या मॉडेलकडे घरातलंच गिऱ्हाईक फिरकत नाही. त्याने लिहायची पत्रं तशीच राहतात, त्याने भेटायचे मित्र ‘जरा मोकळा झालो की’ या तारखेवर ढकलले जातात. बिचारं रोज वेळेवर उठतं, चहा पितं, बिलं भरतं, आणि आपण त्याच्यासमोरच येणाऱ्या मॉडेलची पत्रकं वाचत बसतो.

त्या दुकानात मी अखेर कीबोर्डांवर बोटं फिरवून बघितली. पातळ यंत्रांच्या कळा इतक्या उथळ की अक्षर उमटलं ते बोटाला सांगावं लागतं. मॅट्रिकच्या सुट्टीत मला टायपिंग क्लासला घातलं होतं. गोदरेजने १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवले; त्यांतलेच काही, बरीच बोटं सोसलेले, आमच्या क्लासात ओळीने मांडलेले असत. सगळे एकदम सुरू झाले की पत्र्यावर वळवाचा पाऊस उतरल्यासारखं वाटे. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, एवढं ज्याला जमलं त्याला सरकारी नोकरीचं दार निदान दिसू लागे. सर कळांवर कापड टाकून आमची बोटं आंधळी करत आणि कागदावर ‘महोदय’ उमटतं की ‘महोयद’, ते शांतपणे वाचत. त्या यंत्राला रॅम किती हे कुणी विचारलं नाही. रिबन ओली आहे ना, एवढंच.

कस्टमाइझ करण्याच्या त्या पानावर झाकणाचा रंग निवडता येतो, दिव्यांचा उजेड निवडता येतो. कळांवरची लिपी निवडायला वर्तुळ मला दिसलं नाही. भारतासाठी म्हणून बहुतेक कीबोर्डांवर एकच भर दिसते: २०१० मध्ये ठरलेलं रुपयाचं चिन्ह, चाराच्या कळीवर, कोपऱ्यात अंग चोरून. किंमत लिहिण्यापुरती आमची दखल घेतली आहे. बाकी देवनागरी आत दडलेली असते, बोलावलं तर येते. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेली इनस्क्रिप्टची मांडणी मोठी समजूतदार आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर रुळवण्यात मोठा वाटा उचलला. एफ आणि जे या कळांवर बोटांना वाट सापडावी म्हणून बारीक उंचवटे असतात. देवनागरीत डाव्या उंचवट्याखाली पहिली वेलांटी असते आणि उजव्याखाली र. डोळे मिटून बोटं ठेवली की मला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. दुकानात कळांवर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांचा पारदर्शक कागद मिळत होता. लॅपटॉप अजून घडायचा होता. मी त्याची अक्षरं आधी घेऊन परतलो.

वस्तू आपली करून घेण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. भांड्याच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस सुईचं यंत्र घेऊन बसलेला असे. स्टीलचा डबा, वाटी, ताम्हन काहीही घ्या, तो त्याच्यावर कर्रकन नाव घालून देई. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, तारीख. अक्षराला फार वळण नसे, पण ते घासून जात नसे. आमच्या घरातल्या मांडणीत आईची सगळी स्मृती अशी ओळीने पालथी घातलेली होती. मुंजीतली ताटं, बारशाच्या वाट्या, आत्याच्या पन्नाशीचा तांब्या. शेवटच्या वर्षांत तिला नावं आठवेनाशी झाली. समोर बसलेल्या माणसाकडे ती हसून बघायची आणि वेळ मारून न्यायची. पण आमटीची वाटी संपली की ती उलटी करून, बोटाने चाचपत वाचायची: “चि. अमुक हिच्या लग्नात.” मग तिला तो मांडव आठवायचा, उकाडा आठवायचा, जिलबी कमी पडली होती ते आठवायचं, आणि समोर बसलेली बाई म्हणजे तीच चि. अमुक, हेही आठवायचं. ती वाटी तिच्यासाठी कुणी घडवून घेतली नव्हती. दुकानात तशा शंभर होत्या. एका ओळीच्या ओरखड्याने ती आमची झाली आणि रोजच्या आमटीने आमची राहिली.

ती वाटी आठवली, त्यानंतर लॅपटॉपच्या त्या पानावर गेलो तेव्हा निवड पटकन झाली. मधला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, मॅट पडदा, तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी, रंग राखाडी. क्रिएटरच्या रांगेतून बाहेर पडताना थोडं जड वाटलं, नाही असं नाही. यंत्र आलं तेव्हा भाचीने झाकणावर हळदकुंकवाचं बोट लावलं, कळांत जाणार नाही अशा बेताने. मग आम्ही दोघांनी मिळून अक्षरं चिकटवली. तिने विचारलं, “मामा, लघुपटाचं काय?” म्हटलं, फोनवर काढू आणि तुझ्या लॅपटॉपवर जोडू, वाईला जायला रॅम लागत नाही, एसटी लागते. ते तिला पटलं, कारण तिचा ३२ जीबीचा आहे आणि ती त्यावर बहुतेक वेळ मालिका बघते.

तुम्हीही त्या वर्तुळांपुढे बसला असाल, तर एवढंच सांगतो. आज जे काम हातात आहे त्याच्या मापाने यंत्र घ्या, वॉरंटीत कंजुषी करू नका, आणि रॅम सोल्डर केलेली असेल तर एक पायरी वरची घ्या. भाची सांगते ते खरं आहे. पुढचं मॉडेल येणार आहे, ते नेहमीच येणार असतं. त्याची वाट बघण्यात फक्त कंपन्याच बुडतात असं नाही.